सुराचं खोटं

आधी शपथ घेते, मग तोंड उघडते. ग्रामदैवताची शपथ, ताटातल्या अन्नाची शपथ, आणि अजून शाबूत असलेल्या माझ्या दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता गोष्ट अजून घडायची आहे, मग ती खरी कशी, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारणारच. अरे बाबा, उद्याचा सूर्यसुद्धा अजून उगवायचाय. त्याला कुणी थापाड्या म्हणतं का? मग मलाच का?

तर मिरज. तेच आपलं मिरज, या गल्लीत डॉक्टर आणि त्या गल्लीत तंबोरे. तेव्हा गाड्या आपल्या आपण चालतील, ड्रायव्हर मागे पाय पसरून घोरतील. पण वळणावर म्हैस आडवी आली की गाडी आजच्यासारखीच खोळंबेल, कारण म्हशीला शिकवायला अजून कुणाला जमलेलं नसेल. मी आपली झाल्यासारखीच सांगते हं. नाहीतर 'करील, जाईल' करता करता जीभ वळायची.

तिथे डॉक्टर शलाका डोईफोडे राहायची. डॉक्टर म्हणजे सुया टोचणारी नव्हे, शास्त्रज्ञ. गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत कानांवर काम करायची. दिवसभर पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक, हाताखालच्या पोरींवर ओरडणं. संध्याकाळी घरी आली की पाय धुवायची, चहा घ्यायची आणि व्हायोलिन काढायची. मोठी वादक वगैरे नव्हती. गणपतीत आळीत वाजवायची, कुणाच्या साठीला वाजवायची. पण वाजवल्याशिवाय जेवण जायचं नाही तिला.

नवरा पराग. शाळेत भूगोल शिकवायचा आणि गायचा. दोघांची ओळखच मुळी भांडणातून झाली. कुठल्याशा कार्यक्रमात हा गात होता, ही साथीला. मध्येच थांबून म्हणाला, "बाई, तुमचा निषाद चढतोय."

ही म्हणाली, "तुमचा उतरलाय म्हणून तसं वाटतंय."

पुढे बसलेली माणसं हसली. पेटी मागवून बघितलं, तर उतरला होता त्याचाच. त्यानं तिथल्या तिथे कान पकडले आणि वर्षभरात लग्नाचं विचारलं. तेव्हा तिनं एकच अट घातली. "संसारात काय वाट्टेल ते खोटं बोल. भाजी छान झाली म्हण, माझी आई आवडते म्हण. पण सुराचं खोटं बोलायचं नाही."

"तू पण नाही," तो म्हणाला.

"मी पण नाही."

छान चाललं होतं. मग एका पावसाळ्यात परागला ताप आला आणि तो रक्तात उतरला. माणूस वाचेल की नाही अशी वेळ. एक जालीम इंजेक्शन होतं, त्यानं जीव वाचवला आणि मोबदल्यात दोन्ही कान नेले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तसं. शलाकानं होकार दिला होता. कोण देणार नाही?

आता तुम्ही म्हणाल, बहिरं झालेलं गवयाचं घर, रडारड असेल. तर तशी नव्हती. संध्याकाळी ती वाजवायला बसली की तो समोर यायचा, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवायचा आणि तिच्या गजाकडे बघायचा. समेवर मान बरोबर हलायची. चांगली जागा आली की "वाः" सुद्धा बरोबर पडायची. एकदा तिनं पाटीवर लिहून विचारलं, 'कसं कळतं रे?' तो मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्याचं बोलणं मोठंच असतं, "तू बाहेर वाजवतेस, तशीच एक तू माझ्या आत पण वाजवतेस! फक्त आतली जास्त सुरात आहे!"

गायचा मात्र नाही. म्हणायचा, आपलं आपल्याला ऐकू येत नाही, मग आपण कुठे उभे आहोत हे कळत नाही, आणि चारचौघांत धोतर सुटल्यासारखं होतं.

पण शलाका शास्त्रज्ञ. तिला "असू दे" म्हणता येईना. आता जरा शास्त्र सांगते, जांभया देऊ नका, सोपं आहे. आपल्या कानात आत एक गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी रांगेनं बसवलेल्या असतात, पेटीच्या पट्ट्यांसारख्या. तोंडाशी बारीक आवाजाच्या, खोल आत जाड, ढाल्या आवाजाच्या. आवाज आला की त्याची पट्टी हलते आणि तिला जोडलेली नस मेंदूला निरोप देते. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की मेल्या, परत उगवत नाहीत. पण कोंबडीच्या उगवतात! खरंच. कोंबडी बहिरी करा, काही दिवसांनी तिला परत ऐकू येतं. आपल्याही कानात ते बी आहे, फक्त झोपलंय. शलाकानं त्या झोपलेल्याला उठवायचे थेंब शोधले. पडद्याच्या पलीकडे बारीक सुईनं सोडायचे, बस्स. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं. मिरजेत सगळे 'कोंबडीचे थेंब' म्हणायचे.

आधी इतर बहिऱ्यांना दिले, ते ऐकायला लागले. मग परागची पाळी. तो शुद्ध शाकाहारी.

"शलाके, मी पहाटे आरवायला लागलो तर?"

'खुराड्यात ठेवीन,' तिनं पाटीवर लिहिलं.

"आणि अंडं दिलं तर?"

'सासूबाईंना पाठवीन.'

थेंब टाकले. काही आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी पराग स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला धरून उभा राहिला. म्हणाला, "कुणीतरी किंचाळलं." कुकरची शिट्टी होती ती. शलाकानं तीन शिट्ट्यांच्या डाळीला दहा-बारा तरी होऊ दिल्या. डाळीची पेज झाली, ती दोघांनी रडत रडत खाल्ली.

मग काय विचारता! त्याला दारावरची बेल ऐकू यायची, पोरांची कुजबुज ऐकू यायची. वर्गातल्या पोरांचे फार हाल झाले. शेजारच्या मुल्लाणीभाभी, ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनतात, त्या दारातून ओरडल्या, "मास्तर, आता तरी आमच्या मिक्सरची तक्रार करा!" राज्यभरातून माणसं शलाकाला भेटायला यायची. नातवाचं बोलणं पहिल्यांदा ऐकलेले आजोबा तिच्या पाया पडायला वाकायचे, ती पळायची.

त्या आठवड्यात तिनं व्हायोलिन काढलं. "काय वाजवू?"

"मारवा," तो म्हणाला.

तिनं वाजवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेचना. तिला वाटलं, आनंदानं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

तंबोरा आता त्यानं लावायचा, पूर्वीसारखा. त्यात त्यानं नवीनच खूळ काढलं. तंबोरा उचलायचा, आतल्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं. "लावायला एकांत लागतो," म्हणायचा. बाहेर यायचा तेव्हा तंबोरा लागलेला असायचा. अगदी लागलेला. पूर्वी त्याचा पंचम किंचित आपल्या मर्जीचा असायचा, घरातल्या माणसासारखा. आता पट्टीनं आखल्यासारखा सरळ. शलाकाला ते जाणवलं. पण इतक्या वर्षांनी लावतोय, येईल हळूहळू, असं म्हणून तिनं सोडून दिलं. आणि तो गायला मात्र काही केल्या बसेना. आज घसा धरलाय, उद्या पेपर तपासायचेत.

दिवाळीचा पाडवा आला. त्या घरची पाडव्याची रीत अशी होती की शलाकानं ओवाळायचं आणि ओवाळणी म्हणून परागनं सगळ्यांसमोर तंबोरा लावून गायचं. बहिरेपणात रीत मोडली होती. आता आळीतली सगळी माणसं जमली. मुल्लाणीभाभी चकल्यांचा डबा घेऊन पुढेच बसल्या. शलाकानं ओवाळलं. तिचा फोन चार्जिंगला होता, म्हणून ताटाचा फोटो काढायला तिनं परागच्या झब्ब्याच्या खिशातून त्याचा काढून घेतला.

"चला मास्तर, ओवाळणी टाका," भाभी म्हणाल्या.

पराग तंबोरा उचलून आतल्या खोलीकडे निघाला.

"आत कशाला? आम्ही काय नजर लावतोय होय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

त्यानं खिसा चाचपला. शलाकाच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मागावा, तर सगळ्यांसमोर काय म्हणून मागणार? बसला. तार छेडली. खुंटी पिळली, पुन्हा छेडली, पुन्हा पिळली. कपाळावर घाम. अंधारात किल्ली शोधणाऱ्या माणसासारखे त्याचे हात चालले होते. शेवटी त्यानं मान वर केली आणि हसून म्हणाला, "घ्या. लागला."

लागला नव्हता. थोडासा नव्हे. चार तारा चार गावच्या झाल्या होत्या. भाभींचा चकलीचा हात तोंडापाशीच राहिला.

शलाकाच्या हातात फोन होता. फोटो राहूनच गेला होता; नकळत बोट लागून तो उघडला तर पडद्यावर सूर दाखवणारा काटा. तार जुळली की काटा मधोमध येतो आणि हिरवा होतो. आतल्या खोलीतला एकांत तो हाच.

भाभी शहाणी बाई. "अगंबाई, तारच खराब दिसतेय," म्हणाल्या, "आमच्या यांना सांगते बदलायला. चला चला, आधी फराळ करू." आणि तंबोरा आडवा ठेवून दिला.

माणसं गेल्यावर शलाकानं विचारलं, "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

"काय ऐकू येतं तुला? मी वाजवते तेव्हा?"

"राहू दे ना."

"पराग. सुराचं आहे."

तो रांगोळीकडे बघत म्हणाला, "भांडी. भांडी घासताना मांडणी कोसळावी तसं. तू बोलतेस ते कळतं. बेल कळते, शिट्टी कळते. पण सूर… तुझा सा येतो, त्यावर वरचा सा येतो, आणि दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत गं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुकरची शिट्टी झाली तेव्हा तुझं तोंड बघितलंस का तू? मी बघितलं. मग कसं सांगू?"

शलाका आठवडाभर प्रयोगशाळेत डोकं धरून बसली, आणि तिला सापडलं. पेशी उगवल्या होत्या, पट्टीच्या जागी पट्टी. पण मधल्या काळात नसा आखडून मागे सरल्या होत्या. नवी पेशी दिसली की जी नस जवळ असेल तिनं तिला जाऊन मिठी मारली. म्हणजे पट्टी दाबावी पंचमाची आणि आत वाजावा भलताच कुणी. तेही एकसारखं सरकलेलं नाही, कुठे थोडं, कुठे फार. बोलणं असं वेडंवाकडं आलं तरी मेंदू सावरून घेतो, जसं बोबड्या पोराचं आईला कळतं. गाण्याला तेवढी माफी नाही.

आणि हे आधी का कळलं नाही? कारण कानाच्या तपासणीत माणसाला एका खोलीत बसवतात आणि सांगतात, टूं झालं की बटण दाब. सगळ्यांनी दाबलं. ऐकू आलं का, एवढंच विचारलं. काय ऐकू आलं, हे कुणीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी तंबोऱ्याच्या एका तारेसाठी नवऱ्याशी भांडलेली बाई, तिनंही नाही. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढतात ना, तसं ती गाणंही काढून ठेवायची. एवढी शिस्तीची.

"मला वेळ दे," ती परागला म्हणाली. "नसांना वाट दाखवणारं काहीतरी शोधते."

"किती?"

"माहीत नाही."

त्यानं दिला. संक्रांत झाली. ती उंदरांवर रोज काहीतरी करून बघायची आणि रोज मान हलवत घरी यायची. एकदा भलतंच बोलली, "मी पण माझे कान घालवते. मग हेच थेंब घेते. दोघं एकच ऐकू."

पराग म्हणाला, "गांधारीनं पट्टी बांधली म्हणून धृतराष्ट्राला दिसायला लागलं का?"

होळीच्या सुमाराला तो एका संध्याकाळी तिच्या समोर येऊन बसला. व्हायोलिन पेटीतच होतं. हल्ली ती ते त्याच्या माघारी, शाळेची वेळ बघून वाजवायची, चोरून दारू प्यावी तसं.

"एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग."

"बहिरा होतो तेव्हा डोळे मिटले की तू आत वाजवायचीस. आता आत पण भांडी वाजायला लागलीत."

तिला कळलं. शास्त्रज्ञच ती. मेंदू नवीन आवाज शिकत होता आणि शिकता शिकता जुने पुसत होता. नव्या घराला जागा हवी म्हणून जुनं पाडतात, तसं.

"परवा आपली पहिली बंदिश आठवायला बसलो. ती भांडणाची. शब्द आले. चाल आली नाही. रोज काहीतरी जातं गं. मला परत बहिरा कर."

"वेडा आहेस का!"

"थोडंसं उरलंय. तेवढं तरी राहू दे."

"लोक या थेंबांसाठी पाया पडतात माझ्या! तुला माझं बोलणं ऐकू येतं, पराग. उद्या नाही येणार. मी हाक मारलेली नाही येणार."

"माहितीये. मी काय आनंदानं मागतोय का?" मग हळूच म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर परत विचारणार नाही."

हे त्यानं बोलायला नको होतं. सगळं तिच्यावरच येऊन पडलं. एका बाजूला हाक मारली की "ओ" देणारा नवरा. दुसऱ्या बाजूला त्याच्या आतली ती दुसरी शलाका, जास्त सुरात वाजवणारी, जी रोज थोडी थोडी मरत होती. दोन्हींपैकी एकच ठेवायचं.

ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली, ज्यांनी थेंब सोडले होते. वाटलं, हाकलून देतील. चांगला कान कोण बहिरा करून देतो? तिनं सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कानाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईलाही तुमचेच थेंब दिले. आयुष्यभर रेडिओवरची गाणी ऐकायची ती. थेंब दिल्यावर महिनाभरात रेडिओ माळ्यावर टाकला. म्हणाली, आता गोड लागत नाही रे. मी म्हटलं, म्हातारपण." प्लास्टिकचा कान बाजूला ठेवून म्हणाले, "आणा त्यांना."

ज्या इंजेक्शनानं कान गेले होते त्याचेच चार थेंब. ऐकू येणं एकदम जात नाही, दिवे मंद होत जावेत तसं काही दिवसांत जातं. त्या दिवसांत पराग म्हणाला, "वाजवू नकोस. बोल."

मग शलाका बोलत सुटली. प्रयोगशाळेतली भांडणं सांगितली, लहानपणी चोरलेली बोरं सांगितली, त्याची आई आपल्याला कधीच आवडली नाही हेही सांगितलं. तो हसला, "मला माहीत होतं." तिनं मनाशी ठरवलं होतं, अगदी शेवटचं म्हणून काहीतरी छान बोलायचं. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण शेवटचं कुठलं, हे आधी कुठे कळतं? एका सकाळी ती न्हाणीघरातून ओरडली, "अरे, दूध उतू जातंय, गॅस बंद कर!" त्यानं बंद केला. दुपारी ती काही बोलली तर तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

त्यानंतर शलाकानं सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. थेंब बंद झाले नाहीत. नातवाचं बोलणं ऐकायचं असलेल्यांना ते हवेच होते. पण सुई टोचायच्या आधी आता विचारतात, "तुम्ही गाता का हो? गाणं ऐकता का?" काही जण उत्तर द्यायच्या आधीच उठून घरी जातात.

आणि मग ती संध्याकाळ. पाय धुतले, चहा झाला. शलाकानं पेटी उघडली. भाभींच्या घरून नव्या तारा चढवून आलेला तंबोरा तिनंच लावला, पेटीच्या काळी एक पट्टीला. पराग समोर आला, एक तळहात भोपळ्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं तारा छेडू लागला. तिनं भुवया उंचावून विचारलं, 'आहे?'

"आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "अंधुक आहे, पण तूच आहेस!"

तिनं मारवा धरला. मारव्यात सा लवकर देत नाहीत, वाट बघायला लावतात. कोमल रिषभावर घुटमळायचं, धैवताला जायचं, परत फिरायचं, जिवाची नुसती घालमेल. ती वाजवत राहिली, तो डोळे मिटून ऐकत राहिला, आतलीला. आणि ती सा वर यायच्या बरोबर आधी त्यानं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सा लावला. तंबोऱ्यात असा मिसळला की तार कुठली आणि गळा कुठला कळेना. त्यानं डोळे उघडून विचारलं, "लागला?"

शलाकानं मान हलवली. लागला.

झाली गोष्ट. उठा आता, पानं घ्यायची आहेत.

असे काय बघताय माझ्याकडे? बरं बाई. शपथ घेतली होती, अन्नाची घेतली होती, आणि आता जेवायलाच बसायचंय. म्हैस खरी, कोंबडी खरी, उतू गेलेलं दूध खरं. एवढं एकच माझ्या पदरचं घातलं. तो सा लागला नव्हता. चांगला उतरलेला होता. बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं, कसा लागणार?

तिनं मान हलवली ती मात्र खरी. त्यानं समाधानानं पुन्हा डोळे मिटले. मग तिनं व्हायोलिनच्या खुंट्या पिळल्या, तंबोऱ्याच्या पिळल्या, एकेक तार उतरवत उतरवत त्याच्या सा पाशी आणली आणि तिथून पुढे वाजवायला लागली. खुंटी फिरली की भोपळा थरथरतो. त्याचा तळहात भोपळ्यावरच होता. त्याला कळलं नसेल असं मी तरी म्हणणार नाही. पण तोही काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सा आणखी सरकला, तीही सरकली. मुल्लाणीभाभी भिंतीपलीकडून ऐकतात. त्या सांगतात, त्या घरातला सा आता कुठल्याच पेटीवर सापडत नाही.